लाडकूबाईची रेघ

भांडीबाजारातल्या आमच्या दुकानात
डाव्या हाताला, हंड्यांच्या उतरंडीमागे
दगडावर चार रेघा आहेत, छिन्नीने मारलेल्या.
सगळ्यात वरची एकोणसत्तरची.
आजोबांनी ती चौथ्या दिवशी मारली,
चिखल अजून पोटरीपर्यंत होता.
त्या रात्री म्हणे अंधारात
चाळीस घागरी तरंगत
एकमेकींना धडकत होत्या.
तांबटाला आवाज कळतो.
कुठली घागर कुणाला लागली
ते आजोबा माळ्यावरून सांगत होते,
आणि आजी म्हणत होती, आता तरी गप्प बसा.

शहर पूर मारुतीवर मोजतं.
गुडघे, कंबर, छाती.
दुतोंड्याच्या गळ्याशी गंगा आली
की सराफांची शटरं पडतात.
आम्ही रेघा पाहतो.

आठ सालच्या पुरानंतर, तिसऱ्या बुधवारी
लाडकूबाई मेहेर तपेलं घेऊन आली, पोचा काढायला.
बाजाराच्या दिवशी ती पात्राकडेला बसायची,
बोंबील, सुकट, वाकट्यांचे जुडगे.
अंगाचा वास दुकानात शिरला, तो तिच्यामागून बाहेर गेला नाही.
नवी रेघ अजून पांढरी होती.
"ही काय? उधारी?"
"उधारीच," अण्णा म्हणाले, "गंगेची."

ती हसली नाही.
पोचा ठोकून होईस्तोवर बोलत राहिली,
हातोड्याच्या दोन घावांच्या मध्ये.

आमचं पाणी पंचांग बघून येतं, म्हणाली.
अवसेला, पुनवेला. सहा तासांत परतही जातं,
पण रिकाम्या हातानं नाही.
आधी बोंबलाच्या वलांड्या नेल्या.
मग सुरूची रांग, एकेका उधाणाला दोन-दोन झाडं.
मग विहीर खारी झाली.
गाव तेव्हाच संपलं, दादा,
घरं पडली ती मागाहून.

अण्णांनी हातोडा थांबवला. किती चढलं होतं?
तिने हात वर नेला, कमरेपर्यंत, खांद्यापर्यंत,
आणि तसाच खाली आणला.
"चढत नाय ते. सरकतं."
उठली. दारात गेली.
"माझी चूल हितं, तुमच्या गल्ल्यापाशी म्हणा.
तर मी लग्न होऊन आले तेव्हा समुद्र तिकडं,
त्या सराफाच्या पायरीच्याही पल्याड.
थोरलीच्या वेळेला रस्त्याच्या मधोमध.
धाकटीच्या वेळेला..."
आणि तिने आमच्या उंबऱ्यावर पाय ठेवला.

"तुमच्याकडं भिंत उरते.
आम्ही रेघ कशावर मारायची?"

अण्णा काही बोलले नाहीत.
छिन्नी घेतली, उंबऱ्याच्या दगडावर
आडवी एक रेघ मारली, वीतभर.
ठोक्याचा आवाज वेगळा आला,
पोकळ नव्हे, ओला.
तपेल्याचे पैसे घेतले नाहीत. त्यावरून ती भांडली,
आणि वाकट्यांचा एक जुडगा
तांब्याच्या परातीत टाकून गेली.
आई दोन दिवस परात घासत होती.

ब्रह्मगिरीच्या त्या डोंगरांत
पाऊस पडतो तेव्हा त्याला ठाऊक नसतं
कुठल्या उताराचं होणार.
इकडे घसरला तर गंगा, आमचं दुकान,
मग पूर्वेला आख्खा देश पायी तुडवत.
तिकडे घसरला तर वैतरणा,
आणि लाडकूबाईचं गाव, जिथे होतं तिथे.
हे मला शाळेत शिकवलं होतं.
मला ते उंबऱ्यापाशी कळलं.

सोळा साली पाणी आलं, एकोणीसला आलं.
भिंतीवरच्या शेवटच्या दोन रेघा माझ्या.
अण्णांच्या रेघा सरळ असत.

लोक आत येताना खाली बघत नाहीत.
पण पाऊस लागला, धरणातून पाणी सोडल्याचा भोंगा झाला,
सगळे घाटाकडे मारुती बघायला धावले,
की मी मात्र दिवा घेऊन दारात बसतो.
आधी ती रेघ भरते,
बोटभर रुंद, वीतभर लांब,
काठोकाठ, आवाज न करता.
मग मी घागरी हलवायला उठतो.